दुहेरी बंधाच्या शेजारी कोण राहतं?

या वेळी आलेली बरीचशी पत्रं सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या एकाच गोंधळाची आहेत. रेणूतल्या अमुक कार्बनला नेमकं काय म्हणायचं? अलाइलिक, व्हिनाइलिक, बेंझाइलिक, अल्फा, ऑर्थो ही नावं पाठ असतात, पण आकृती समोर आली की बोट भलत्याच कार्बनवर जातं. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : अलाइलिक आणि व्हिनाइलिकच्या व्याख्या मला येतात. तरीही '१-मिथाइलसायक्लोहेक्झीनमध्ये अलाइलिक हायड्रोजन किती?' याचं उत्तर मी चार लिहिलं आणि गुण गेले. चुकलं कुठे?

उत्तर : तुम्ही वलयातलेच हायड्रोजन मोजलेत आणि वलयाबाहेरचा मिथाइल सोडलात. ही चूक फार जण करतात, कारण वलय काढलं की नजर वलयातच फिरते.

आधी व्याख्या. दुहेरी बंधात स्वतः अडकलेला कार्बन व्हिनाइलिक. त्या कार्बनला एकेरी बंधाने जोडलेला, स्वतः कुठल्याही दुहेरी बंधात नसलेला शेजारी कार्बन अलाइलिक. म्हणजे एक बंधावरचा आणि दुसरा बंधाशेजारचा. हायड्रोजनला स्वतःचं वेगळं नाव नाही, तो ज्या कार्बनवर बसला आहे त्याचंच नाव त्याला लागतं.

आता पेन्सिल घ्या. १-मिथाइलसायक्लोहेक्झीनचं वलय काढा, दुहेरी बंध पहिल्या आणि दुसऱ्या कार्बनच्या मध्ये, मिथाइल पहिल्यावर. दुहेरी बंधाच्या दोन्ही टोकांना गोल करा. हे दोन झाले व्हिनाइलिक. मग प्रत्येक गोलातून बाहेर जाणारी एकेरी रेघ धरून एकच पाऊल पुढे जा आणि जिथे पोचाल तिथे फुली मारा. दुसऱ्या कार्बनवरून निघालात तर तिसऱ्यावर पोचता. पहिल्यावरून दोन वाटा आहेत, एक सहाव्या कार्बनकडे आणि दुसरी मिथाइलकडे. फुल्या तीन झाल्या. तिसऱ्यावर दोन हायड्रोजन, सहाव्यावर दोन, मिथाइलवर तीन, एकूण सात. व्हिनाइलिक हायड्रोजन एकच, तो दुसऱ्या कार्बनवर, कारण पहिल्याचे चारही बंध कार्बनशीच झाले आहेत. उरलेले चार हायड्रोजन चौथ्या आणि पाचव्या कार्बनवर. त्या कार्बनना होमोअलाइलिक म्हणतात, म्हणजे अलाइलिकच्याही एक घर पलीकडचे. सात, एक आणि चार मिळून बारा. रेणुसूत्रात सात कार्बन आणि बारा हायड्रोजन आहेत, तेव्हा हिशोब जुळला. ही बेरीज दर वेळी करा, सुटलेला मिथाइल तिथेच सापडतो.

हाच रेणू प्रोटॉन एनएमआरमध्ये, म्हणजे हायड्रोजनच्या चुंबकीय वर्णपटात, पाहिला तर एक गंमत दिसते. व्हिनाइलिक हायड्रोजन ५.४ पीपीएमच्या आसपास एकटा उभा असतो. वलयातले चार अलाइलिक हायड्रोजन १.९ च्या जवळ. मिथाइलचे तीन मात्र १.६ च्या आसपास येतात आणि चौथ्या-पाचव्या कार्बनवरच्या चार हायड्रोजनच्या शिखरांत मिसळतात. त्यामुळे क्षेत्रफळांचं प्रमाण १ : ४ : ७ असं दिसतं. त्यातला सातचा आकडा पाहून 'हे सात अलाइलिक' असं लिहिलं की आकडा बरोबर आणि ओळख साफ चूक! अलाइलिक सातांपैकी चार एका शिखरात आहेत आणि तीन दुसऱ्या.

प्रश्न : ३-क्लोरोसायक्लोहेक्झीनमध्ये क्लोरीन तिसऱ्याच कार्बनवर का? उलटं मोजलं तर तो सहावा येतो. शिवाय आमच्या शिकवणीत 'आकड्यांची बेरीज कमी येईल ते नाव' असं सांगितलं, ते बरोबर आहे का?

उत्तर : पहिला भाग सोपा आहे. सायक्लोहेक्झीनमध्ये दुहेरी बंधाला १ आणि २ हेच क्रमांक द्यावे लागतात. मोजणी कुठल्या टोकापासून आणि कुठल्या दिशेने करायची एवढंच आपल्या हातात असतं. मोजणी बंधाच्या आरपार गेली पाहिजे, एकावरून दोनवर जाताना बंध ओलांडला पाहिजे. अशा दोनच मोजण्या शक्य आहेत. एकीत क्लोरीनला ३ मिळतो, दुसरीत ६. लहान आकडा घ्यायचा.

बेरजेचा नियम मात्र विसरून जा, तो नियमच नाही. आकडे चढत्या क्रमाने मांडायचे आणि दोन संच शेजारी ठेवून जिथे पहिला फरक पडेल तिथे लहान आकडा असलेला संच निवडायचा. बेरजेने बहुतेक वेळा तेच उत्तर येतं, म्हणून चूक वर्षानुवर्षं लपून राहते. ती उघडी पाडणारं उदाहरण घ्या. सायक्लोहेक्झीनच्या दुहेरी बंधावरच्या एका कार्बनवर मिथाइल आहे आणि त्याच्या लगतच्या अलाइलिक कार्बनवर दुसरा मिथाइल. एका मोजणीत १,६ येतं, दुसरीत २,३. बेरीज सात आणि पाच. बेरीजवाले २,३-डायमिथाइल लिहितील. बरोबर नाव १,६-डायमिथाइलसायक्लोहेक्झीन आहे, कारण पहिल्याच ठिकाणी १ हा २ पेक्षा लहान आहे. सरळ साखळीतही असंच होतं. २,७,८-ट्रायमिथाइलडेकेन हे बरोबर नाव, ३,४,९ हे चूक, जरी दुसऱ्याची बेरीज एकने कमी असली तरी.

१,६-डायमिथाइलच्या उदाहरणात आणखी एक फसगत दडली आहे. '६' वाचून तो कार्बन दुहेरी बंधापासून लांब असेल असं वाटतं. वलय सहाव्याच्या पुढे पुन्हा पहिल्यावर येतं, त्यामुळे सायक्लोहेक्झीनमध्ये ३ आणि ६ हे दोन्ही सारखेच अलाइलिक आहेत. ३-ब्रोमो-१-मिथाइलसायक्लोहेक्झीन आणि ६-ब्रोमो-१-मिथाइलसायक्लोहेक्झीन ही दोन वेगळी संयुगं आहेत, पण ब्रोमीन दोन्हींत अलाइलिकच आहे.

आणि क्रमांक हा कार्बनचा कायमचा नंबर नव्हे. ३-क्लोरोसायक्लोहेक्झीनचं जलअपघटन करून क्लोरीनच्या जागी ओएच आणला तर नाव होतं सायक्लोहेक्झ-२-ईन-१-ऑल. मुख्य क्रियात्मक गटाचा मान दुहेरी बंधापेक्षा वरचा, म्हणून काल जो तिसरा होता तो आज पहिला झाला. कार्बन जागचा हलला नाही आणि अलाइलिकचा व्हिनाइलिकही झाला नाही. क्लोरीनला असा मान नाही, तो नुसता उपसर्ग म्हणून येतो, म्हणून त्याच्यापुढे दुहेरी बंध वरचढ ठरतो. अभिक्रियेच्या आधीच्या आणि नंतरच्या आकृतीत क्रमांकांवरून कार्बन जुळवू नका. एका कार्बनवर ठिपका ठेवा आणि तोच ठिपका दोन्ही आकृत्यांत चालवा.

प्रश्न : फिनाइल, बेंझाइल आणि बेंझॉइल यांत माझी नेहमी गल्लत होते. लक्षात कसं ठेवायचं?

उत्तर : फिनाइल म्हणजे बेंझीनच्या वलयातला एक हायड्रोजन काढून उरलेला गट. जोडणी थेट वलयाच्या कार्बनला. बेंझाइल म्हणजे तेच वलय, पण मध्ये एक सीएच२, आणि जोडणी त्या सीएच२ ला. बेंझॉइलमध्ये मधला कार्बन ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेला असतो. बेंझाइल आणि बेंझॉइल यांच्यात देवनागरीत फरक फक्त चंद्राचा. संक्षेपांतही हाच खेळ आहे. 'बीएन' म्हणजे बेंझाइल आणि 'बीझेड' म्हणजे बेंझॉइल. संश्लेषणाच्या आकृतीत हे उलटं वाचलं तर नुकसान खरं होतं. अल्कोहोलवरचा बेंझाइल गट पॅलेडियम-कार्बन आणि हायड्रोजनने काढतात, तो पातळ अल्कलीला दाद देत नाही. बेंझॉइल हा एस्टर असतो, तो अल्कलीने सुटतो.

वलय आणि सीएच२ यांतला फरक किती मोठा आहे हे पीकेए (आम्लाची ताकद दाखवणारा आकडा, जितका लहान तितकं आम्ल जोरकस) सांगतो. फिनॉलचा पीकेए सुमारे १०, बेंझाइल अल्कोहोलचा १५ च्या वर. फिनॉल सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात विरघळतो, बेंझाइल अल्कोहोल त्या कारणाने विरघळत नाही. अमाइनचंही तसंच. अनिलीनच्या संयुग्मी आम्लाचा पीकेए ४.६, बेंझाइलअमाइनच्या ९.३. एक कार्बन मध्ये आला आणि आम्लारिधर्म हजारो पटींनी वाढला.

व्हिनाइलिक-अलाइलिकची जोडी इथेही चालते. वलयातला कार्बन अराइल, वलयाशेजारचा, स्वतः दुहेरी बंधात नसलेला कार्बन बेंझाइलिक. टेट्रालिनमध्ये वलयाला वलय जोडलेलं आहे, तिथे पहिला आणि चौथा कार्बन बेंझाइलिक, दुसरा-तिसरा नाहीत.

प्रश्न : ऑर्थो, मेटा, पॅरा अजून चालतात की आकडेच लिहायचे?

उत्तर : अधिकृत नावात आकडे. बोलताना आणि अभिक्रियेची दिशा सांगताना ऑर्थो-मेटा-पॅरा सर्रास चालतं आणि चालावं. वलयावर तीन किंवा जास्त गट आले की मात्र हे शब्द अपुरे पडतात, कारण 'कोणाच्या संदर्भात ऑर्थो' हे सांगावं लागतं. गट ज्या कार्बनवर आधीच बसला आहे त्याला इप्सो म्हणतात. हा शब्द त्यामानाने नवा, १९७१ सालचा.

डायब्रोमोबेंझीनच्या तीन समघटकांपैकी कुठला कोणता हे विल्हेल्म कर्नर यांनी १८७४ मध्ये दाखवलं, तेही कुठलाही वर्णपट हाताशी नसताना. प्रत्येकात आणखी एक गट घाला आणि किती वेगळी संयुगं निघतात ते मोजा. ऑर्थोपासून दोन, मेटापासून तीन, पॅरापासून एकच. कागदावर करून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : अल्फा कार्बन म्हणजे नक्की कोणता? हॅलोअल्केनमध्ये हॅलोजन ज्या कार्बनवर असतो तोच अल्फा म्हणतात, पण कीटोनमध्ये कार्बोनिलच्या पुढचा. ही विसंगती नाही का?

उत्तर : विसंगती दिसते, पण नियम एकच आहे: क्रियात्मक गटाच्या बाहेरचा पहिला कार्बन तो अल्फा. क्लोरीन, ब्रोमीन, ओएच, एनएच२ या गटांत कार्बन नाहीच, म्हणून गट ज्याला चिकटला आहे तोच पहिला. कार्बोनिल, सायनाइड, कार्बॉक्झिलिक आम्ल यांच्यात गटाचा स्वतःचा कार्बन असतो. तो मोजायचा नाही, त्याच्या पुढचा मोजायचा. २-ब्रोमोब्युटेनमध्ये दुसरा कार्बन अल्फा, पहिला आणि तिसरा बीटा, म्हणूनच हायड्रोजन ब्रोमाइड निघून जाणाऱ्या अभिक्रियेला बीटा-एलिमिनेशन म्हणतात. ब्युटेन-२-ओनमध्ये दुसरा कार्बन हा गटच आहे, अल्फा पहिला आणि तिसरा, चौथा बीटा.

आता अवघड जागा, सायक्लोहेक्झ-२-ईनोन. कार्बोनिल पहिला, दुहेरी बंध दुसऱ्या-तिसऱ्यात. दुसरा अल्फा, तिसरा बीटा, चौथा गॅमा. वलयाच्या दुसऱ्या बाजूने सहावाही अल्फाच, त्याला अल्फा-प्राइम म्हणतात, आणि पाचवा बीटा-प्राइम. 'अल्फा हायड्रोजन आम्लधर्मी असतो' हे वाक्य पाठ असलेला विद्यार्थी इथे दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन काढतो आणि फसतो. तो अल्फा आहे खरा, पण व्हिनाइलिकही आहे. त्याचा बंध वलयाच्या प्रतलात पडतो, कार्बोनिलच्या पाय (π) प्रणालीशी समांतर होत नाही. तो काढून उरणारा ऋणभार कार्बोनिलकडे पसरू शकत नाही. एलडीएसारखा (लिथियम डायआयसोप्रोपाइलअमाइड) जाडजूड, जोरकस अल्कली कमी तापमानाला, उणे ७८ अंश सेल्सिअसला, वापरला तर हायड्रोजन सहाव्यावरून, म्हणजे अल्फा-प्राइमवरून जातो. अभिक्रियेला समतोलाला पोचू दिलं तर चौथ्यावरचा, म्हणजे गॅमा हायड्रोजन जातो, कारण ऋणभार दुहेरी बंधातून थेट ऑक्सिजनपर्यंत पसरतो. तो चौथा कार्बन म्हणजे आपला अलाइलिकच. एकाच कार्बनला दोन नावं आहेत, एक कार्बोनिलकडून पाहून दिलेलं आणि दुसरं दुहेरी बंधाकडून पाहून.

नॅफ्थलीनमधले अल्फा-बीटा वेगळे. तिथे १, ४, ५, ८ या जागा अल्फा आणि २, ३, ६, ७ बीटा. दोन वलयं जिथे जुळतात ते कार्बन ४ए आणि ८ए. त्यांच्यावर हायड्रोजन नसतो. इथे अल्फाचा अर्थ 'क्रियात्मक गटाशेजारचा' नसून 'वलयांच्या सांध्याशेजारचा' असा आहे.

प्रश्न : आमच्याकडे दोन बाटल्यांची लेबलं निघाली आहेत. एकीत बेंझाइल क्लोराइड आणि दुसरीत ४-क्लोरोटोल्यूईन. दोघांचं रेणुसूत्र एकच. कसं ओळखावं?

उत्तर : क्लोरीन एकात बेंझाइलिक कार्बनवर आहे, दुसऱ्यात वलयावर. त्यामुळे चांदीच्या नायट्रेटची परीक्षा पुरते. दोन परीक्षानळ्या घ्या आणि ऊर्ध्वपातित पाण्याने, मग इथेनॉलने धुवा. प्रत्येकीत इथेनॉलमधलं २ टक्के सिल्व्हर नायट्रेटचं २ मिलिलीटर द्रावण आणि नमुन्याचा एक थेंब. हलवा आणि नेहमीच्या तापमानाला पाच मिनिटं ठेवा. बेंझाइल क्लोराइड असेल तर सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा अवक्षेप लगेच येतो. दुसरी नळी पाच मिनिटांनी स्वच्छ राहिली तर पाण्याच्या वाफेवर उकळीपर्यंत तापवा. वलयावरचा क्लोरीन तरीही हलत नाही. शेवटी अवक्षेपात पातळ नायट्रिक आम्लाचे दोन थेंब घाला. सिल्व्हर क्लोराइड विरघळत नाही, सेंद्रिय आम्लाचा चांदीचा क्षार असेल तर विरघळतो.

फसतं कुठे? नळाच्या पाण्यात क्लोराइड असतो. नळी त्याने धुतली की नमुना घालण्याआधीच गढूळपणा येतो. म्हणून तिसरी नळी नमुन्याशिवाय ठेवा. दोन्ही बाटल्यांसाठी एकच ड्रॉपर वापरला तर दोन्ही नळ्या पांढऱ्या होतात. लगेच पण अगदी फिका गढूळपणा आला आणि तो पुढे वाढलाच नाही, तर ती भेसळ समजा, मूळ संयुगाचं उत्तर नव्हे. बेंझाइल क्लोराइडने डोळ्यांतून पाणी वाहतं, त्यामुळे हे काम फ्यूम हूडमध्येच. सिल्व्हर नायट्रेटचं अल्कोहोलमधलं द्रावण लागेल तेवढंच करा, साठवून ठेवू नका आणि आटवू तर मुळीच नका.

हीच परीक्षा सायक्लोहेक्झीनच्या क्लोराइडांवर केली तर तीन वेग दिसतात. ३-क्लोरो, म्हणजे अलाइलिक, तात्काळ. ४-क्लोरो, म्हणजे होमोअलाइलिक, साध्या दुय्यम क्लोराइडासारखा तापवल्यावर. १-क्लोरो, म्हणजे व्हिनाइलिक, कधीच नाही. अलाइलिक जागेवरून क्लोराइड निघून गेला की उरलेला धनभार तो कार्बन आणि दुहेरी बंधाचं पलीकडचं टोक यांत वाटला जातो. व्हिनाइलिक जागेवर असं वाटप होत नाही. उलट क्लोरीनचीच इलेक्ट्रॉनजोडी दुहेरी बंधाकडे झुकते आणि कार्बन-क्लोरीन बंध जास्त पक्का होतो.

जुन्या लेबलांबद्दल एक सावधगिरी. बेंझाइल क्लोराइडला अल्फा-क्लोरोटोल्यूईन असंही नाव आहे. लेबलावरचं 'अल्फा' पुसलं गेलं की उरतं नुसतं क्लोरोटोल्यूईन, आणि वाचणारा ते वलयावरचं समजतो.

प्रश्न : ऑक्ट-१-ईनवर एनबीएसने (एन-ब्रोमोसक्सिनिमाइड) अलाइलिक ब्रोमिनेशन केलं. अलाइलिक कार्बन तिसरा, म्हणून ३-ब्रोमो-ऑक्ट-१-ईन यायला हवं होतं. पण मिळालं मुख्यतः १-ब्रोमो-ऑक्ट-२-ईन. अभिक्रिया बिघडली का?

उत्तर : बिघडली नाही. हायड्रोजन तिसऱ्यावरूनच निघाला, पण त्यानंतर जो रॅडिकल उरतो तो तिसऱ्यावर बसून राहत नाही. एकटा इलेक्ट्रॉन तिसऱ्या आणि पहिल्या कार्बनवर वाटलेला असतो आणि ब्रोमीन दोन्ही टोकांना बसू शकतो. पहिल्या टोकाला गर्दी कमी, आणि तिथे बसल्यावर दुहेरी बंध साखळीच्या आत सरकून जास्त स्थिर होतो. म्हणून साधारण ८३ टक्के १-ब्रोमो आणि १७ टक्के ३-ब्रोमो असं मिश्रण मिळतं. दोन्ही संयुगांत ब्रोमीन अलाइलिकच आहे, फक्त दुहेरी बंधाने जागा बदलली. सायक्लोहेक्झीनमध्ये रॅडिकलची दोन्ही टोकं सारखीच असल्याने हा प्रश्न दिसत नाही, आणि म्हणून सायक्लोहेक्झीनवर शिकलेला विद्यार्थी साखळीवर अडखळतो. टोल्यूईनमध्येही रॅडिकल वलयातल्या ऑर्थो-पॅरा जागांपर्यंत पसरतो, पण ब्रोमीन तिथे बसला तर वलयाची अरोमॅटिकता मोडते, म्हणून तो बेंझाइलिक कार्बनवरच येतो.

हायड्रोजन अलाइलिक जागेवरूनच का निघतो याचा हिशोब बंध तोडायच्या ऊर्जेत आहे. इथीनमधला व्हिनाइलिक कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला सुमारे ४६४ किलोज्यूल प्रति मोल लागतात, इथेनमधला साधा बंध सुमारे ४२०, प्रोपीनमधला अलाइलिक सुमारे ३७०, टोल्यूईनमधला बेंझाइलिक सुमारे ३७५. 'दुहेरी बंध म्हणजे कमकुवत जागा' असं मनात धरून जे व्हिनाइलिक हायड्रोजन काढतात, ते रेणूतला सर्वांत पक्का बंध तोडू पाहतात.

तुमच्या पत्रातली दुसरी तक्रार, फ्लास्कमध्ये गडद तपकिरी रंग आला आणि डायब्रोमाइड मिळालं, ही मात्र खरी बिघाडाची खूण आहे. एनबीएसचं काम ब्रोमीन अगदी थोडाथोडा पुरवत राहणं. ब्रोमीन साचला की तो दुहेरी बंधावरच चढतो. एनबीएस जुनं, पिवळट-नारिंगी असेल तर आधी पाण्यातून पुन्हा स्फटिकीकरण करून कोरडं करा. मात्रा एक मोलला एकच मोल, जास्त नको. सुरुवात करणारा पेरॉक्साइड किंवा एआयबीएन १ ते २ मोल टक्के, आणि जोडीला तापवणं किंवा प्रकाश. पाणी शिरलं तर ब्रोमोहायड्रिन बनतं, म्हणून द्रावक आणि काच कोरडे हवेत. कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये एक सोय होती. न वापरलेलं एनबीएस जड असल्याने तळाशी राहायचं आणि तयार होणारं सक्सिनिमाइड वर तरंगायचं, त्यामुळे अभिक्रिया संपल्याचं डोळ्यांना दिसे. ओझोनच्या थराला घातक म्हणून तो द्रावक आता मागे पडला. त्याच्या जागी ट्रायफ्लुओरोटोल्यूईन किंवा अ‍ॅसिटोनायट्राइल वापरलं तर ही तरंगण्याची खूण धरू नका, टीएलसी (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) करा.

प्रश्न : अलाइलबेंझीनमधल्या सीएच२ ला अलाइलिक म्हणायचं की बेंझाइलिक?

उत्तर : दोन्ही. तो दुहेरी बंध आणि वलय यांच्या मधोमध आहे, म्हणून त्याचा हायड्रोजन दोन्हींपेक्षा सहज निघतो. जोरकस अल्कलीबरोबर तापवलं तर दुहेरी बंध सरकून वलयाशी जोडला जातो. सिनामाइल क्लोराइडमध्ये मात्र क्लोरीनचा कार्बन फक्त अलाइलिक, कारण तो वलयाला चिकटलेला नाही. तिथे वलयाला चिकटलेला कार्बन व्हिनाइलिक आहे, त्याला बेंझाइलिक म्हणू नका. दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनला बिस-अलाइलिक म्हणतात. लिनोलेइक आम्लात दुहेरी बंध ९ आणि १२ वर सुरू होतात, म्हणून ८ आणि १४ अलाइलिक आणि ११ बिस-अलाइलिक. हवेतल्या ऑक्सिजनचा हल्ला तिथूनच सुरू होतो.

प्रश्न : नॉर्बोर्नीनमध्ये दुहेरी बंधाशेजारी हायड्रोजन असलेले दोन कार्बन आहेत. तरी ते अलाइलिकसारखे वागत नाहीत असं वाचलं. मग नाव चुकीचं का?

उत्तर : नाव बरोबर आहे, अपेक्षा चुकीची. नॉर्बोर्नीन म्हणजे बायसायक्लो[२.२.१]हेप्ट-२-ईन. मोजणी सांध्याच्या कार्बनपासून सुरू करून आधी लांब पुलावरून दुसऱ्या सांध्यापर्यंत, मग उरलेल्या लांब पुलावरून परत, शेवटी सर्वांत आखूड पूल. म्हणून सांधे १ आणि ४, दुहेरी बंध २-३ मध्ये, आखूड पुलावरचा कार्बन ७. शेजारीपणाने १ आणि ४ अलाइलिक ठरतात, ७ नाही.

अलाइलिक जागेचा फायदा मिळायला मात्र शेजारी असणं पुरत नाही. हायड्रोजन निघून गेल्यावर उरलेली कक्षिका दुहेरी बंधाच्या पाय कक्षिकांना समांतर झाली पाहिजे. नॉर्बोर्नीनच्या सांध्यावर पिंजऱ्यामुळे कक्षिका तशी वळू शकत नाही, कार्बन-हायड्रोजन बंध जवळजवळ आडवा राहतो. शिवाय इलेक्ट्रॉन वाटला गेला तर सांध्यावर दुहेरी बंध यावा लागतो, आणि इतक्या लहान पिंजऱ्यात तो बसत नाही. यूलियुस ब्रेट यांनी १९२४ मध्ये मांडलेला नियम तो हाच. म्हणून तिथला हायड्रोजन काढणं कठीण.

सायक्लोहेक्झीनसारख्या लवचिक वलयातही याचा अंश दिसतो. तिसऱ्या कार्बनवरचे दोन हायड्रोजन अलाइलिक असले तरी वलयाच्या प्रतलाला उभा असलेला आधी निघतो, आडवा मागे राहतो. वलय उलटलं की त्यांच्या भूमिका बदलतात, त्यामुळे एरवी हा फरक लक्षात येत नाही. गोळ्या-काड्यांचं मॉडेल असेल तर सायक्लोहेक्झीन बांधा, दुहेरी बंधाच्या दोन्ही टोकांवर पाय कक्षिका म्हणून उभ्या काड्या खोचा आणि तिसऱ्या कार्बनवरची कुठली काडी त्यांना समांतर येते ते पाहा. मग तीच तपासणी नॉर्बोर्नीनच्या पहिल्या कार्बनवर करा. तिथली काडी मॉडेल मोडल्याशिवाय उभी करता येणार नाही.